मावशीच्या डबीतली कणीक

विश्राम गेल्याचं शलाकानं, त्याच्या मुलीनं, मुंबईहून फोन करून सांगितलं तेव्हा मी पडवीत मृदुंगाच्या चामड्याच्या वाद्या ओढत बसलो होतो. शिमगा अठरा दिवसांवर आला होता. फोन वाजला तेव्हा मला वाटलं विश्रामच असणार. शिमग्याच्या आधी त्याचा फोन यायचाच, आणि कसा आहेस, बरा आहेस काय, असलं काही न विचारता तो एकच विचारायचा, "वाद्या ओढल्यास काय रं?" मी म्हणायचो, "तू कणीक घेऊन ये." एवढंच आमचं बोलणं. म्हणून मी फोन उचलून आधीच बोललो, "ओढतोय, ओढतोय, तू कणकेचं बघ." पलीकडं शलाका होती. म्हणाली, "गणूकाका, बाबा पहाटे गेले... झोपेतच." मी फोन ठेवला आणि उरलेल्या दोन वाद्या ओढून पुऱ्या केल्या. घरातली, म्हणजे माझी बायको, माझ्याकडं बघत राहिली. वादी अर्ध्यावर सोडली की दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून ओढावी लागते, हे तिला त्या वेळी काय सांगत बसणार...

त्याच्यावर पेपरात पुष्कळ लिहून आलं. शलाकानं कात्रणं पाठवली, मी सावकाश सगळी वाचली. सगळ्यांनी लिहिलंय की हसवणारा माणूस गेला. ते अर्धंच झालं. उरलेलं अर्धं मी लिहितो, कारण ते घडलं तेव्हा मी तिथं तिसऱ्या रांगेत बसलेला होतो आणि चूक माझी होती. मी तिसरीपर्यंत शिकलो आणि पुढं जन्मभर जांभ्या दगडाचे चिरे घडवले. तेव्हा अक्षर वाकडं असेल, पण सांगतो ते सरळ आहे.

आमची वाडी आरे-वाऱ्याच्या वरच्या अंगाला, कातळावर. शिमग्यात आमचे खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, घरोघर फिरतात, प्रत्येक अंगणात नमनाचा खेळ करतात. गणपतीचा गण झाला की गवळण लागते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, आणि त्यांना सांभाळून नेणारी एक म्हातारी मावशी. हे मावशीचं काम पुरुषानं नऊवारी नेसून करायचं असतं. विश्राम विशीत असताना पहिल्यांदा मावशी झाला आणि मरेपर्यंत दुसऱ्या कुणाला वाडीनं ते काम दिलं नाही. मी मृदुंगावर. त्याचं बोलणं साधंच असायचं. गावात कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची म्हैस कुणाच्या परड्यात घुसली, एवढंच. पण वाक्य संपलं की तो थांबायचा आणि हनुवटी वर करायचा. हनुवटी वर गेली की मी एक थाप मारायची. थाप पडली की अंगण हसायचं. माझ्या थापेआधी कुणी हसत नसे, आणि थापेनंतर कुणी हसायचं राहत नसे. थाप पडताच तो हनुवटी खाली घ्यायचा आणि पुढचं बोलणं सुरू. लोक म्हणायचे विश्राम हसवतो. मी म्हणायचो, अर्धं मी हसवतो. तो म्हणायचा, "अर्धं काय, पाऊण घे. लुगडं मात्र मी एकटाच नेसतोय."

मृदुंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, तेव्हा त्याचा आवाज भरून येतो. ती कणीक विश्राम मळायचा. माझ्या मृदुंगाला मी कुणाला बोट लावू दिलेलं नाही, माझ्या मुलालासुद्धा नाही. पण कणीक त्याची. पहिल्याच वर्षी लुगडं नेसून झाल्यावर त्याचे हात थरथरायला लागले होते, म्हणून मी त्याच्यापुढं परात ढकलली आणि म्हटलं, "हे मळ, नायतर पळून जाशील." त्यानं मळली, हात थांबले. तेव्हापासून ती पद्धतच पडली. पुढं त्यानं त्यासाठी ॲल्युमिनियमची एक डबी घेतली, चपटी, झाकणाची. खेळाआधी डबीत चिमूट चिमूट पाणी घालून तो गोळा करायचा, घट्ट, कानाच्या पाळीसारखा मऊ. मी जन्मात कणीक मळली नव्हती.

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही, पण तेव्हा सगळे हसले. विश्रामाचा बाप वारला. बाराव्याला वाडी जमली, गावकरी म्हणाले, मुलानं दोन शब्द बोलावे. विश्राम उठला. म्हणाला, "आमच्या बापानं आम्हाला कधी मारलं नाय." पुढचं त्याला आठवेना आणि रडू आवरायला त्यानं हनुवटी वर केली. झालं! मांडवात एक जण फिसकन हसला, मग दुसरा, मग सगळा मांडव. म्हातारेसुद्धा. त्यांचा तरी काय दोष, हनुवटी वर गेली की हसायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं. विश्रामानं क्षणभर बघितलं आणि मग बापाच्या विडीची एक गंमत सांगून टाकली, लोकांना सुटका झाल्यासारखं झालं. नंतर चिऱ्यांच्या ढिगावर आम्ही दोघं बसलो होतो तेव्हा तो म्हणाला, "गणू, मला एकच बघायचंय. मी उभा हाय आणि आपली माणसं गप्प बसलीत. एकदाच. परक्या गावची नाय, आपली." मी म्हटलं, "होईल." कसं होईल ते मला तरी कुठं माहीत होतं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो. आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात तो रस काढायला होता. तिथं बायकांना हसवून हसवून त्यानं काम मागं पाडलं, तेव्हा मुकादमानं त्याला डबे मोजायला एकट्याला खोलीत बसवलं. मग आमचं नमन मुंबईला एका नाट्यगृहात लागलं. ते बघून कुणी तरी त्याला विनोदी नाटकात घेतलं. तिथून टीव्हीवर. आणि मग तो खेळ आला, 'झाकलंय काय?', ज्यानं तो घराघरात गेला. कुणाच्या तरी घरची जुनी वस्तू टेबलावर फडक्याखाली झाकून ठेवायची, दोन कुटुंबांनी प्रश्न विचारून ती ओळखायची आणि शेवटी विश्रामानं फडकं उचलायचं. उचलायच्या आधी तो थांबायचा, हनुवटी वर. एकदा पावसात शेतात काम करताना बायका पाठीवर घेतात ते इरलं ठेवलं होतं. फडकं उचललं तरी एका सुनेला कळेना. ती म्हणाली, "पाळणा!" सासू म्हणाली, "अगं बाई, मग माझ्या नातवाचं काही खरं नाय." विश्राम ते इरलं पाठीवर घेऊन, कंबरेत वाकून, भाताची लावणी लावत सगळ्या स्टुडिओभर फिरला. आमच्या वाडीत त्या दिवशी हसून हसून लोकांची पोटं दुखली.

त्या खेळाच्या पहिल्या भागासाठी त्यानं मला मुंबईला नेलं होतं. म्हणाला, मृदुंग हवाच, माणूस ठरलेला आहे. मेकअपच्या खोलीत आरशापुढं बसून त्यानं डबी काढली आणि कणीक मळायला लागला. मेकअपवाला म्हणाला, "सर, भूक लागली असेल तर मी सँडविच मागवतो." सगळं ठीक होतं. मग एक गडी आला आणि मला म्हणाला, समोर लाल दिवा लागेल, दिवा लागला की वाजवायचं. मी म्हटलं, "मी दिव्याकडं बघून वाजवत नाही. मी ह्याच्या हनुवटीकडं बघून वाजवतो." तो म्हणाला, तसं चालत नाही. मी म्हटलं, "मग मी पण चालत नाही." विश्राम मधे पडला, "अरे गणू, एक दिवा तो, तुझ्या काय डोक्यावर पेटवणार हायत?" मी मृदुंग गवसणीत घातला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं रत्नागिरीला उतरलो. चुकलं काय? मला अजून वाटत नाही. त्यांनी मग यंत्रातला ढमढमाट लावला. तो खेळ नऊ वर्षं चालला आणि नऊ वर्षं मी आमच्या ओटीवर टीव्हीपुढं बसून, विश्रामाची हनुवटी वर गेली की खुर्चीच्या लाकडी हातावर थाप मारत आलो. यंत्रातल्या आवाजाआधी माझी पडायची. घरातली पोरंबाळं माझ्या थापेला हसायची. ह्या सवयीनं पुढं काय केलं ते आता येतंय.

नऊ वर्षांनी त्यानं तो खेळ सोडला. चालता खेळ सोडला म्हणून लोक त्याला वेडा म्हणाले. त्याला एका नाटकात तरवाल्याचं, होडीतून माणसं खाडीपलीकडं नेणाऱ्याचं, काम मिळालं होतं. खाडीवर पूल झालेला आहे, तरीची होडी बंद पडलेली आहे, तरी हा म्हातारा रोज सकाळी वल्हं घेऊन धक्क्यावर जातो. विनोद एक नाही. मुंबईत नाटक बरं चाललं, पण लोक त्याला बघून हसतातच, असं शलाका सांगायची. आणि मग ते रत्नागिरीला लागलं, दुपारचा प्रयोग. मांडवीला जेटीच्या कट्ट्यावर आमच्या ओळखीची मंडळी बसतात, त्यांना तर चघळायला विषयच मिळाला. "मावशी रडणार म्हणे!" "रडताना पदर लावणार काय तोंडाला?" "मी पुढचं तिकीट काढलंय, हसायला लांब नको." मी त्यांना म्हटलं, "तुम्ही या तर खरं." आदल्या दिवशी विश्राम घरी आला होता, जेवला नाही. जाताना उंबऱ्याशी म्हणाला, "उद्या आपली माणसं हायत, गणू." मी म्हटलं, "हायत." तेवढ्यात सगळं आलं.

आमची वाडी दोन टेम्पोंतून आली. मी तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पडदा उघडला, विश्राम वल्हं घेऊन आला आणि मागून आरोळी, "आली रे मावशी!" सगळं नाट्यगृह हसलं. तो खोकला, हसले. तो बसला, हसले. पहिला अंक असाच गेला. मध्यंतरात लोक चहा पिता पिता म्हणत होते, काय हसवतोय, जबरी. मला त्याच्या मानेवरचा घाम दिसला होता. घामानं मेकअप वाहत होता आणि तो आपला तरवाल्याचंच काम करत होता, लोकांना काही एक न देता. दुसऱ्या अंकात लोक जरा थंडावले. मुलगा सांगतो, बाबा, होडी विकली. म्हातारा उठतो. वल्हं हातात. म्हणतो, "मग पलीकडच्यांना कोण आणणार?" आणि विश्राम थांबला. त्याची हनुवटी वर गेली...

आणि माझ्या हातानं खुर्चीच्या हातावर थाप मारली.

मी मारली नाही, हातानं मारली, असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. पण हात माझाच. भर शांततेत थाप अशी काही वाजली की विचारू नका. आणि सगळं नाट्यगृह फुटलं. जेटीवरचे तर उड्या मारायला लागले. माझी घरातली, माझ्या शेजारी, पदर तोंडाला लावून हसत होती. मी हात मांडीखाली दाबून धरला. एका माणसानं जन्मभर एक गोष्ट मागितली होती आणि ती मी, मी, त्याच्यापासून हिसकावली होती. 

विश्राम तसाच उभा. आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्यानं हनुवटी खाली घेतलेली नाही. थाप पडली की हनुवटी खाली यायची, तिथं लोकांचं हसू येऊन टेकायचं. आज ती वरच. हसू आलं आणि त्याला बसायला जागाच मिळेना. तो एकेका रांगेकडं बघायला लागला, हळूहळू, आपल्याच घरात आपल्याला कुणी ओळखत नाही असं कळल्यावर माणूस बघेल तसा. हसू एका कोपऱ्यात थांबलं, दुसऱ्या कोपऱ्यात थांबलं. मग तो खाली बसला, वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि नाटकात नसलेला एक शब्द बोलला. "हसा..." म्हणाला. रागानं नाही. पोरांना खेळायला सोडावं तसं. "हसा. पण पलीकडच्यांना कोण आणणार?"

वरच्या पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि तिनं त्या दुसऱ्या हातानं धरल्या. मला घड्याळ लागत नाही, मी तालाची आवर्तनं मोजतो. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं... कुणी हललं नाही. आमची वाडी, जेटीवरची मंडळी, कॅनिंगमधल्या म्हाताऱ्या बायका, सगळे गप्प. आणि विश्राम समोर. त्याला जे बघायचं होतं ते तो बघत होता. मला वाटतं, त्यातलं एक आवर्तन त्यानं तरवाल्यासाठी नाही, आपल्यासाठी घेतलं. हक्काचं होतं, घेतलं. नाटक संपल्यावर टाळ्यासुद्धा लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मात्र लोक उभे राहून वाजवत राहिले, थांबेनातच.

मी कुणाला न भेटता बाहेर पडलो. फाटकाशी आलो तोच मागून हाक, "गणू! पळतोस कुठं मेल्या?" अर्धा मेकअप पुसलेला, खांद्यावर टॉवेल, विश्राम माझ्यामागं धावत आलेला. बघणारी माणसं बाजूला झाली. मी म्हटलं, "चुकलो." हा शब्द मी फार वेळा बोललेलो नाही, घरातलीला विचारा. तो म्हणाला, "थाप कुणाची ते मला तिथंच कळलं. दुसरा कोण मारणार?" मग तो म्हणाला, "आज पहिल्यांदा मला कळलं, माणसं गप्प कशी बसतात ते. आधी त्यांना पोटभर हसू द्यायला लागतं. मी हसू अडवत बसलो होतो. उद्या चिपळूणला प्रयोग हाय. येतोस?" "कशाला?" "तीच थाप मार." मी म्हटलं, "दिवा लागणार काय?" तो एवढा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. निदान मी तरी ते हसण्याचं धरलं. "दिवा नाय रं बाबा. हनुवटी."

मग मी गेलो. चिपळूण, सावंतवाडी, पुणे, मुंबई, कुठं कुठं. तिसरी रांग, कडेची खुर्ची, लाकडी हात नसेल तर शलाका मांडीवर पाट द्यायची. दिग्दर्शक बाई आधी म्हणाल्या, असं कसं, प्रेक्षकातून? दोन प्रयोगांनंतर त्यांनीच माझ्या खुर्चीवर 'राखीव' असा कागद चिकटवायला सुरुवात केली. थाप, हसू आणि मग ती शांतता. दर वेळी. एकदा पुण्यात पाच आवर्तनं गेली. त्या कामासाठी त्याला मोठं बक्षीस मिळालं, पुढं सिनेमात तो न्यायाधीश झाला, बाप झाला, एकदा खुनीसुद्धा झाला आणि लोक घाबरले. ज्या माणसाला बापाच्या बाराव्याला धड रडू दिलं नव्हतं, त्याच्या रडण्याला आता माणसं तिकीट काढून येत. बक्षीस घेताना स्टेजवर त्यानं सांगितलं, ह्यातलं पाऊण रत्नागिरीतल्या एका चिरे घडवणाऱ्याचं. मी तिथं नव्हतो. कोट घालून या म्हणाले होते, मी नाही घातला. पण शिमग्याला तो दर वर्षी वाडीत यायचा, लुगडं नेसायचा, डबी काढायचा आणि मावशी व्हायचा. शेवटची काही वर्षं वाकलं की त्याचा गुडघा वाजायचा. मी म्हणायचो, आता थाप तूच मार, गुडघ्यानं. गेल्या शिमग्याला निघताना त्यानं डबी खिशात घातली आणि म्हणाला, "पुढल्या वर्षी कणीक जरा सैल करतो. तुझा हात म्हातारा झालाय." मी म्हटलं, "हात नाय, तुझी कणीक म्हातारी झाली." ते शेवटचं.

ह्या वर्षी खेळे निघाले, पण मावशीचं काम कुणी घेतलं नाही. ज्या घरी माणूस गेलेला असतो, त्या घरापुढून खेळे न वाजवता जातात, ही आमच्याकडची रीत. मी रीत मोडणारा माणूस नाही. विश्रामाच्या अंगणाशी आलो तेव्हा मी मृदुंगावर दोन्ही पंजे ठेवले, मागच्या टाळकऱ्यांनी टाळ मुठीत धरले आणि आम्ही निघालो. सगळी वाडी मागं, पण पायांचा आवाज तेवढा. तेवढ्यात सुमनवहिनी, त्याची बायको, ओटीवर आली. मुंबईहून शिमग्यालाच म्हणून आली होती. म्हणाली, "गणू भावोजी, थांबा. पुढं जाऊ नका." मी म्हटलं, "वहिनी, रीत हाय." ती पायऱ्या उतरून अंगणात आली. हातात ती ॲल्युमिनियमची डबी. म्हणाली, "त्यांच्या बॅगेत होती. आत पीठ भरून ठेवलेलं होतं, शिमग्याचं. मी मळलीय. नीट झालीय काय बघा." आणि मग म्हणाली, "तुम्ही सगळे वीस दिवस गप्प बसलायत. त्यांनी बघितलंय तुम्हाला गप्प बसलेलं. आता पुरे."

मी झाकण काढलं. कणीक जरा सैल होती. तो म्हणाला होता तशीच. त्यानं तिलाही सांगून ठेवलं होतं की काय, मी विचारलं नाही. मी ती मृदुंगाच्या डाव्या तोंडाला थापली, अंगठ्यानं कडा दाबल्या, गवळणींना रांगेत उभं केलं, आणि मावशी उभी राहते ती जागा मोकळी ठेवली. गवळण झाली. मावशीच्या बोलण्याची वेळ आली. कुणी बोललं नाही. मी त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिलो, त्याला वाक्य संपवायला लागायचा तेवढा वेळ... आणि हनुवटी वर गेली. मला दिसली. मी थाप मारली.

आधी सुमनवहिनी हसली. मग अंगण हसलं.

डबी आता माझ्याकडं आहे. परवा मी पहिल्यांदा स्वतः कणीक मळायला बसलो. घरातली दारातून बघत होती, म्हणाली, "पाणी जास्त झालं." मी म्हटलं, "जास्त नाय. हीच पद्धत हाय."